क्रियापद आधी

आमच्या भिंती दोन हात जाड,
इथल्याच खाणीतल्या पाटीच्या दगडाच्या.
वायफाय जिन्याच्या वळणापर्यंत येतं
आणि तिथंच फतकल मारून बसतं.
म्हणून मी इंटरनेट विजेच्या तारेवर चढवलं.
एक अडॅप्टर खाली राउटरपाशी,
दुसरा माळ्यावर, माझ्या टेबलाखाली,
मधे सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी ओढलेलं वायरिंग,
ज्याचा नकाशा ते डोक्यात ठेवून गेले.

माझं काम दुभाष्याचं.
कौन्सिलच्या बैठका: रस्ते, कचरा,
डोंगरापलीकडची शाळा.
ते वेल्शमध्ये बोलतात, मी मागोमाग इंग्रजीत.
वेल्शमध्ये क्रियापद आधी येतं.
‘बंद करणार’
एवढं कानात पडतं
आणि टेबलाखालचा हिरवा दिवा तांबडा होतो.
कोण करणार, काय, कधीपासून,
सगळं भिंतीत कुठंतरी अडकलेलं.
पडद्यावर नऊ सभासद बघत राहतात
माझ्या गोठलेल्या तोंडाकडे,
मासळीसारख्या उघड्या.

भाऊ गेथिन म्हणाला, एक्स्टेन्शन बोर्ड काढ,
थेट भिंतीत लाव. लावलं.
जोडीचं बटण दहा सेकंद दाबून धर. धरलं.
फ्रीज बंद केला;
दूध नासलं, दिवा तांबडाच.
किटली, हीटर, ओल शोषायचं यंत्र,
इद्वलचा गेम, माझं इलेक्ट्रिक ब्लँकेट,
एकेकावर आळ घेतला, एकेकाची माफी मागितली.
हार्डवेअरवाले टेगिड येऊन तारा हुंगून गेले,
म्हणाले, नवं वायरिंग, आणि आकडा सांगितला.
मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

मग वही घातली.
९.०४. ९.१७. ९.२९. ९.४४.
तापासारखी चढउतार,
पण कुणाला आलाय ताप?

मंगळवारी रात्री टॉर्च दातांत धरून
फ्यूजबॉक्सचे खटके एकेक पाडत गेले.
पाचव्याला लेबल नव्हतं.
पाडला,
आणि वर दिवा हिरवा झाला, हिरवाच राहिला,
दहा मिनिटं, वीस.
मी जिन्यावर एकटीच हसत बसले.

तेवढ्यात मागच्या दारातून इद्वल,
अनवाणी, पायजम्याला कोळशाची धूळ.
“आई, वीज गेली! अंडी गार पडतील!”

कोळशाच्या खोपटात एक खोकं.
आत जुना टॉवेल, वाटीत पाणी,
मायफान्वीबाईंकडून आणलेली बदकांची सात अंडी,
एका बाजूला पेन्सिलची फुली, दुसरीला गोल.
वर बल्ब, आणि कुठूनसा मागवलेला
दीड दमडीचा थर्मोस्टॅट.
टिक: बल्ब लागतो.
टिक: विझतो.
दर टिकेला एक ठिणगी तारेत थुंकते,
आणि तिकडं वर माझं वाक्य तुटतं.

“तू म्हणाली होतीस, आता घरात आणखी जीव नको.”
म्हणाले होते. मांजर गेलं त्या आठवड्यात.
“आज सतरावा दिवस,” तो म्हणाला,
आणि माझीच टॉर्च घेऊन एक अंडं तिच्यासमोर धरलं.
आत तांबड्या शिरा, केसाएवढ्या,
कुठून कुठं गेल्यात ते स्पष्ट दिसणाऱ्या.
मधला काळा ठिपका दचकला.
मी जाऊन पाचवा खटका वर केला.

गेथिन म्हणतो, एक फिल्टर मिळतो, लावून टाक.
मागवलाय. येईल तेव्हा येईल.
कौन्सिलला कळवलं:
पुढचे अकरा दिवस माझा आवाज मधूनमधून जाईल.
अध्यक्ष हेउल्वेनबाईंनी कारण विचारलं.
मी म्हटलं, बदकं.
इतिवृत्तात तशी नोंद आहे.

आता दिवा तांबडा झाला की
मी हेडफोन सारून खिडकीतून खोपटाकडे बघते.
दाराच्या फटीत पिवळी रेघ.
मगाशी ‘राहील’ एवढंच आलं कानात.
शाळा, पूल, की शुक्रवारची कचऱ्याची गाडी,
कळेल दीड मिनिटात.